मामंजींच्या कदाचं विमान

माझ्या लग्नानंतरची पहिली वर्षं आठवली की आधी एरंडेलाचा वास येतो. नव्या नवरीच्या आठवणीत मोगरा-बिगरा यायला हवा, पण आमच्या घरात एरंडेल होतं त्याला मी काय करू. ह्यांच्या विमानाच्या इंजिनाला ते लागायचं. स्पिरिटासारखं एक पातळ इंधन, त्यात एरंडेल मिसळायचं, आणि ते जळलं की जो वास सुटायचा तो शर्टाला, टॉवेलला, उशीला आणि एकदा तर श्रीखंडाला लागला. दुकानातून एरंडेल आणायचं काम माझ्याकडे. कोपऱ्यावरचा दुकानदार बाटली बांधता बांधता एकदा हळूच म्हणाला, "वहिनी, घरात सगळ्यांचंच पोट धरलंय का? डॉक्टरला दाखवा एकदा." मी काय सांगणार. विमानाला लागतं म्हटलं असतं तर त्यानं माझ्याच डोक्यासाठी डॉक्टर सुचवला असता.

माझं माहेर नगर जिल्ह्यातल्याच अकोल्याकडचं, डोंगरातलं. तिथून मी नगरला आले ती बहात्तर साली. घर भिंगारच्या बाजूला, दोन खोल्या आणि मागं पत्र्याची पडवी. घरात आम्ही तिघंच. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. सासरे, म्हणजे मामंजी, जन्मभर भिक्षुकी केलेले. सत्यनारायण, वास्तुशांत, लग्नं, मुंजी, सगळं. आणि हे लष्कराच्या वर्कशॉपात. लोखंडात जो भाग ओतायचा तो आधी लाकडात हुबेहूब घडवायचा, हे ह्यांचं काम. लाकडावर हात असा की नुसतं बोट फिरवून सांगायचे, इथं कागदाएवढं जास्त राहिलंय. भिक्षुकाच्या मुलानं रंधा हातात घेतला म्हणून मामंजी सुरुवातीला गप्प गप्प होते म्हणे. पण पगार वेळेवर येतो म्हटल्यावर हळूहळू बोलायला लागले.

तर विमान. खेळण्यातलं नव्हे, बरं का. माझ्या छातीला लागेल एवढा लांब पंख, नाकावर मुठीएवढं इंजिन. जमिनीवर उभं राहायचं, हातात एक पेटी, पेटीला हातभर एरियल, आणि पेटीवरच्या दांड्या हलवल्या की ते हवेत वळतं, चढतं, उतरतं. मधे दोरी नाही, तार नाही. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तार शोधत मान वर करून इतकी मागं गेले की बाभळीत बसले.

ती पेटी आमची नव्हती. वर्कशॉपातले एक साहेब होते, बंगालकडचे, त्यांनी ती परदेशातून आणलेली. विमान बांधायचं ह्यांनी आणि उडवायचं साहेबांनी, अशी जोडी जमली. साहेब मोठे, हे साधे कामगार, पण रविवारी माळावर गेले की दोघं शेजारी शेजारी गुडघ्यावर बसून त्या इंजिनाची मनधरणी करायचे. साहेब हिंदीत बोलायचे आणि हे मराठीत. ह्यांना हिंदी येत नव्हतं असं नाही, पण विमानाबद्दल बोलायला लागले की भाषेचं भान राहायचं नाही. साहेबांनाही चालायचं.

पहिलं विमान जाड पंखांचं, संथ. घारीसारखं वर फिरत राहायचं. मला ते फार आवडायचं. पण ह्या दोघांना वेगाचं वेड लागलं. पातळ पंखांचं, टोकदार, मोठ्या इंजिनाचं विमान करायचं. उंचावरून खाली सूर मारायचा, जमीन जवळ आली की सप्पकन वर घ्यायचं. आणि तिथंच घोडं अडायचं. सूर मारताना पंख फडफडायला लागायचा, आपण ओली चादर झटकतो तसा आवाज यायचा, आणि पंख मोडून दोन तुकडे दोन दिशांना.

असं एक मोडलं, मग दुसरं. दुसरं पडलं माळाशेजारच्या ज्वारीत. शेताचा मालक बांधावर बसून तंबाखू मळत होता. तो ह्यांना मास्तर म्हणायचा, का ते त्यालाच ठाऊक.

"काय मास्तर, आजबी मोडलं व्हय?"

"मोडलं."

"मंग हळू चालवावं न्हवं. बैल पळवला तर औत मोडतंच की."

"हळू चालणारं आहे घरी."

"हाय ना? मंग हे कशापाई?"

हे खाली वाकले. ज्वारीच्या ताटांतून पंखाचे तुकडे वेचत राहिले. मग तोही उठला आणि वेचू लागला. वेचता वेचता म्हणाला, "पर पडतानी झ्याक दिसतं."

हे सगळं वर्षानुवर्षं चाललं असतं तरी माझं काही म्हणणं नव्हतं. पण त्र्याहत्तरच्या दसऱ्यानंतर साहेबांची बदलीची ऑर्डर आली. दिवाळी झाली की जायचं, लांब कुठंतरी सरहद्दीकडं. साहेब जाणार म्हणजे पेटी जाणार. पेटी गेली म्हणजे विमान नुसतं भिंतीवर टांगायचं. तशी पेटी नगरात कुठं मिळणार, आणि मिळाली तरी आमच्या ऐपतीतली नव्हे. हे त्या दिवशी घरी आले, चहा समोर ठेवला तो थंड झाला. मग म्हणाले, "अगं, एकदा तरी सूर मारून वर घेतलेलं बघायचंय. एकदा. मग नेईनात का पेटी."

माणूस इतकंच मागतो तेव्हा त्याला नाही कसं म्हणणार. मी म्हटलं, "मग लागा कामाला. चहा दुसरा करते."

काम म्हणजे पंख. विमानाच्या पंखात आत एक लाकडी कणा असतो, त्याला आडव्या फासळ्या, आणि वरून कागद ताणून चिकटवायचा. लाकूड बाल्सा नावाचं, साहेब मुंबईहून मागवायचे. वजनाला इतकं हलकं की फळी हातात घेतली तरी घेतल्यासारखं वाटायचं नाही. हे दाढीच्या पात्यानं फासळ्या कापायचे. मोडतंय म्हटल्यावर ह्यांनी आतला कणा दुहेरी केला, त्यावर माझ्या माहेरच्या बांबूच्या कामट्या तासून चिकटवल्या. पंख तयार झाला की त्याची परीक्षा व्हायची. दोन पाट उभे करायचे, पंखाची दोन टोकं त्यांवर टेकवायची, आणि मधोमध माझा वरवंटा ठेवायचा. पंख वाकायचा, पण मोडायचा नाही. मोडलेल्या दोन्ही पंखांनी वरवंटा पेलला होता. मग हवेत काय होत होतं, हे ह्यांना कळेना. चटणीला वरवंटा मागितला की मला म्हणायचे, "थांब, परीक्षा चालू आहे."

साहेब म्हणाले, कागदाऐवजी रेशीम ताणून बघू या. रेशमानं बळकटी येते, बाहेर असंच करतात. रेशीम म्हटल्याबरोबर ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी लगेच आत गेले, माझा शालू ट्रंकेच्या तळाशी घातला आणि ट्रंकेवर बसून मटार सोलायला घेतले.

मामंजी ओटीवर पोथी वाचत होते. त्यांचं अर्धं लक्ष नेहमी पोथीत आणि अर्धं आमच्यात. पोथी मिटून म्हणाले, "सूनबाई, ऊठ त्या ट्रंकेवरून. कुणी हात लावत नाही तुझ्या शालूला. माझा जुना कद आहे, तो द्या त्याला."

कद म्हणजे पूजेला नेसायचं रेशमी सोवळं. मामंजींचा हा कद डाळिंबी रंगाचा, नेसून नेसून मऊ झालेला. तो नेसून त्यांनी किती होम केले असतील देवच जाणे. आता नवा आला होता म्हणून तो खुंटीवर होता. हे तर बघतच राहिले. वडिलांनी विमानाकडं कधी धड पाहिलंही नव्हतं.

"पण एक आहे," मामंजी म्हणाले. "सरस लावायचा नाही त्याला."

सरस म्हणजे सुताराचा गोंद. जनावरांची कातडी, हाडं उकळून करतात. देवापुढं नेसलेल्या वस्त्राला तो कसा लावणार, असं त्यांचं म्हणणं. हे म्हणाले, "अण्णा, मग चिकटवू कशानं?"

"ते तू बघ. विमान तुझं आहे."

विचार करून करून शेवटी मीच सुचवलं. धनगर लोक घोंगडीला चिंचोक्याची खळ लावतात, घोंगडी कशी फळीसारखी ताठ उभी राहते. चिंचोके भाजायचे, साल काढायची, दळायचे आणि शिजवायचे. हाडाचा संबंध नाही. मामंजींना पटलं, ह्यांना पटलं. मी पातेलंभर खळ शिजवली. कदाचा मधला चांगला भाग सरळ कापला, ओला करून पंखावर बसवला. वाळल्यावर असा ताणला गेला की टिचकी मारली तर डफ वाजल्यासारखा वाजे. वरून डोपचा, म्हणजे विमानाच्या रोगणाचा, एक पातळ हात. डाळिंबी पंख, काय देखणा दिसत होता. पडवीत आढ्याला टांगून आम्ही तिघंही खुशीत झोपलो.

सकाळी मी पडवीत गेले आणि तिथंच खाली बसले. उंदरानं पंख खाल्ला होता. इथं तिथं कुरतडलेला नव्हे, चवीनं खाल्लेला. जिथं जिथं खळ, तिथं तिथं दात. फासळ्यांवरून रेशमाच्या झिरमिळ्या लोंबत होत्या.

आम्ही ब्राह्मणांनी सरस टाळला आणि उंदराला पंगत वाढली. माहेरी कणग्या उंदरांपासून राखण्यात जन्म गेलेली मी, पण शिजवलेला चिंचोका म्हणजे खाऊ, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मामंजी बाहेर आले, बघितलं, आणि म्हणाले, "गणपतीचं वाहन ते. त्याला दुसरं वाहन खपलं नसेल."

हे हसले नाहीत. एरवी हसले असते. डबा न घेता कामाला गेले. साहेबांचं सामान बांधायला सुरुवात झाली होती. तेवढ्यात नवीन रेशीम कुठून आणायचं?

दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर मामंजींनी मला हाक मारली. पाटावर कदाचा उरलेला भाग घडी करून ठेवला होता, समोर निरांजन. त्यांनी अक्षता घेतल्या, मंत्र म्हटले, अक्षता कदावर टाकल्या आणि घडी जागेवरून थोडी सरकवली. गणपती बोळवताना मूर्ती हलवतात ना, अगदी तसं. माझ्या लक्षात आलं, ही उत्तरपूजा चालली आहे.

"झालं," म्हणाले. "आता हे नुसतं कापड. त्याला सांग, सरस लाव नाहीतर डांबर लाव."

मी विचारलं, "मामंजी, कापडाची उत्तरपूजा शास्त्रात आहे?"

"शास्त्रात विमानंही होती म्हणतात लोक. मला काही कुठं सापडली नाहीत." निरांजन उचलून ते आत गेले.

मी कद उलगडला तर हा भाग म्हणजे चाळण. होमाच्या ठिणग्यांनी सगळीकडं बारीक बारीक भोकं पडलेली. लग्नाच्या होमाची कुठली आणि वास्तूच्या होमाची कुठली, ते मामंजींनाच माहीत. सरळ पट्टी कापायला जावं तर मधे भोक येई. भोकं चुकवत चुकवत कात्री फिरवली तर पट्ट्या निघाल्या, पण सगळ्या तिरप्या. म्हणजे उरेब. मी घरच्यापुरत्या चोळ्या शिवायची, मला ठाऊक होतं की उरेब कापड ओढलं की लांबतं. मनातून धास्तावलेच.

हे म्हणाले, "तिरपं का कापलंस?"

"सरळ निघत नाही."

"सैल पडेल ते."

"मग भोकांचं लावू का? वारा आरपार जाईल, पंखाला त्रास नको."

एवढ्यावर ते हसले. दोन दिवसांत पहिल्यांदा. मग सरसाचं भांडं अंगणात चुलीवर चढलं. तो वास काय सांगू. मामंजींनी आपलं आसन उचललं आणि ओटीच्या पार टोकाला नेलं, उपरणं नाकाला लावून म्हणाले, "एरंडेल बरं होतं." मी पट्ट्या ओल्या करून देत गेले, हे बसवत गेले, पट्टीवर पट्टी थोडी चढवत. वाळल्यावर डोपचे हात दिले, ह्या वेळी सढळ हातानं. उंदरासाठी पडवीत पिंजरा लावला आणि शिवाय पंख आढ्याला न टांगता आमच्या खोलीत घेतला. आम्ही कॉटच्या दोन कडांना, पंख मधोमध.

नेहमीप्रमाणं वरवंटा ठेवून झाला. त्या संध्याकाळी साहेब घरी आले. आमच्याकडं ते पहिल्यांदाच येत होते, मी पोहे केले. त्यांनी पंख हातात घेतला, आणि धुणं पिळतो तसा दोन्ही टोकांना धरून पिळायला बघितला. पिळला जाईना. पुन्हा बघितला. मग मोडक्या पंखाचा एक तुकडा मागितला, तो पिळला. तो मुरगळला, सहज. साहेब ह्यांच्याकडं बघून म्हणाले, पंख वाकून मोडत नव्हता, पिळवटून मोडत होता. वेगात वारा त्याला पिळतो. सरळ कापड पिळाला आडवं येत नाही, तिरपं येतं. मग त्यांनी आमच्या दाराकडं बोट दाखवलं. दाराच्या फळ्यांना मागून तिरपी पट्टी मारलेली होती, दार झुकू नये म्हणून. तसं.

ह्यांनी कपाळावर हात मारला. "आयुष्यभर दारांना तिरप्या पट्ट्या मारतोय मी."

साहेबांनी मला विचारलं, तिरपं कापायचं कसं सुचलं. मी म्हटलं, सुचलं नाही, होमाची भोकं होती. ते ह्यांनी हिंदीत कसं सांगितलं देव जाणे, पण साहेब मामंजींना वाकून नमस्कार करून आले. मामंजींना काही कळलं नाही, पण सवयीनं आशीर्वाद दिला.

दिवाळीनंतरच्या रविवारी आम्ही माळावर गेलो. मामंजी पहिल्यांदाच आले, कोट, टोपी, काठी, सगळं घालून, जसे काही कुणाच्या साखरपुड्याला निघालेत. शेतवाला बांधावर हजर होताच. सकाळचं गार ऊन, वारा बेताचा. इंजिन पहिल्यांदा खोकलं, मग दोनदा नुसतंच गुरगुरलं, आणि एकदम असं ओरडलं की ज्वारीतल्या सगळ्या भोरड्या उडाल्या. साहेबांनी पेटी ह्यांच्यापुढं धरली. आज तुम्ही उडवा म्हणाले.

ह्यांनी मान हलवली. "नाही साहेब. पेटी हातात असली की बघता येत नाही. मला पंख बघायचाय."

विमान गेलं. डाळिंबी टिकली व्हावी तसं आभाळात लहान लहान होत वर गेलं. एक फेरी, दुसरी फेरी. मग वळलं आणि नाक खाली केलं. इंजिनाचा आवाज बारीक होत होत शिट्टीसारखा झाला. मी डोळे मिटले असते, पण मामंजींनी माझा दंड धरला होता, इतका घट्ट की डोळे मिटायचं सुचलं नाही. फडफड ऐकू येईल म्हणून आम्ही सगळे कान देऊन होतो. आली नाही. जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर ते वर वळलं, आमच्या डोक्यावरून झर्रकन गेलं, आणि एरंडेलाचा वास मागं सोडून पुन्हा आभाळात. पंख जसाच्या तसा.

ह्यांनी टोपी काढून हातात घेतली होती. साहेबांनी पुन्हा सूर मारला, ह्या वेळी अजून जोरात. पुन्हा वर घेतलं. तेल संपेपर्यंत तेच. मग इंजिन गप्प झालं, विमान तरंगत आलं आणि गवतात घसरत थांबलं.

शेतवाला तंबाखू थुंकून म्हणाला, "आज न्हाई मोडलं." थोडा नाराजच वाटला.

"नाही मोडलं," हे म्हणाले.

मामंजी काठी टेकत विमानापाशी गेले, वाकले, पंखावरून हात फिरवला. "गरम नाही झाला," म्हणाले. मला वाटतं, एवढ्या वेगानं गेल्यावर तो तापत असेल अशी त्यांची समजूत असावी.

निघताना ह्यांनी विमान साहेबांच्या जीपमध्ये ठेवलं. साहेब नको नको म्हणत होते. हे म्हणाले, "पेटी तिकडं आणि विमान इकडं, दोघांचा काय उपयोग? न्या. तिकडची हवा दाखवा त्याला." साहेबांनी ह्यांचा हात बराच वेळ धरून ठेवला. मग जीप गेली.

मला वाटलं, आता आठ-पंधरा दिवस घर सुतकात जाणार. मी मुद्दाम जेवायला गरम गरम थालीपीठं लावली, ताजं लोणी काढलं. हे पहिला घास तोंडात घालून बराच वेळ चावत बसले, भिंतीकडं बघत. मी आणि मामंजींनी एकमेकांकडं पाहिलं.

मग म्हणाले, "पंख अजून पातळ करता येईल."

मामंजींनी विचारलं, "आणि उडवशील कशानं? पेटी तर गेली."

"पेटीचं बघू," हे म्हणाले. "आधी पंख तर होऊ दे." आणि माझ्याकडं वळून, "थालीपीठ वाढ. आणि तो वरवंटा धुऊन ठेव."